उमेदवारीपासून अभ्यासक्रमापर्यंत : पुणे–लोणावळा पट्ट्यातील चित्रव्यवसायाच्या शिक्षणाचा इतिहास

पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ साली वाहतुकीस खुला झाला आणि बोरघाटाची चढण १८६३ साली पुरी होऊन पुणे मुंबईशी अखंड जोडले गेले. या मार्गावर पुणे सोडल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, मळवली आणि लोणावळा ही स्थानके क्रमाने लागतात. चाकण या मार्गापासून दूर, पुणे–नाशिक रस्त्यावर आहे. तथापि औद्योगिक दृष्ट्या ते आता याच पट्ट्याचा भाग झाले आहे. हा सारा प्रदेश आज औषधे, मोटारी आणि यंत्रसामग्री यांसाठी ओळखला जातो. परंतु त्याच्या दोन टोकांशी, मळवली–लोणावळ्यास आणि पुण्यास, भारतीय चित्रव्यवसायाच्या इतिहासातील दोन थोर कार्यशाळा नांदून गेल्या, ही गोष्ट औद्योगिक इतिहासाच्या विवेचनात सहसा येत नाही. त्या कार्यशाळांतून निघालेल्या कलाकृतींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. तेथे काम करणारी माणसे कशी तयार झाली आणि त्यांच्या तयार होण्यातून आजच्या माध्यमशिक्षणाने काय घ्यावे, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

प्रथम मळवलीचा छापखाना पाहू. राजा रविवर्मा यांनी आपल्या चित्रांच्या रंगीत प्रती सामान्य माणसाच्या घरात पोहोचाव्यात म्हणून १८९४ साली मुंबईत शिलामुद्रणाचा छापखाना काढला. तो पुढे मळवलीस आला आणि कालांतराने फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. एका रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा स्वतंत्र दगड तयार करावा लागे. चित्र पाहून त्यातील रंग मनाने वेगळे करणे, प्रत्येक रंगाची आकृती दगडावर उतरविणे आणि सर्व ठसे एकमेकांवर अचूक बसविणे हे काम अर्धे चित्रकाराचे व अर्धे यंत्रकाराचे होते. ते शिकविणारी शाळा आसपास कोठेही नव्हती. जो शिकला तो छापखान्यातच शिकला.

याच परिसराशी धुंडिराज गोविंद फाळके यांच्या आयुष्याचा एक टप्पा निगडित आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रण व इतर तांत्रिक कला आत्मसात केल्या. गोध्र्यास छायाचित्रकाराचा धंदा करून पाहिला, १९०३ साली पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी धरली, जादूचे प्रयोगही केले. त्यानंतर लोणावळ्यास राहून त्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी प्रकाशशिलामुद्रणाचे काम केले आणि पुढे स्वतःचा ठसे करण्याचा व छपाईचा धंदा उभारला. १९१२ साली ते इंग्लंडला जाऊन आले तेव्हा कॅमेरा नवीन होता, पण त्यांचे हात नवशिके नव्हते. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस चित्रित करून दाखविली. १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. या चरित्रात धरसोड दिसते असे कोणी म्हणेल. परंतु प्रकाश, रसायन, आरेखन, ठसा आणि प्रेक्षकाचे मन या पाच गोष्टींची ओळख दादासाहेबांना पाच निरनिराळ्या व्यवसायांत झाली, आणि चित्रपटाला त्या पाचही लागत होत्या.

कारखाना हीच शाळा, ही कल्पना त्या काळात या पट्ट्यात केवळ चित्रव्यवसायापुरती नव्हती. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगावी काचेचा कारखाना काढला. काच विकणे हा त्याचा एक हेतू होता. काच करणारी देशी माणसे तयार करणे हा दुसरा, आणि अधिक दूरदृष्टीचा. स्वदेशीच्या पिढीने उत्पादन आणि शिक्षण यांची फारकत केली नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

याच रीतीचा विकास त्या सुमारास कोल्हापुरात होत होता. आनंदराव व बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातील बंधू नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा स्वतः घडविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. दामले आणि शेख फत्तेलाल हे दोघे याच चित्रशाळेत उमेदवारी करून तयार झाले. शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, यांनी गंधर्व नाटक मंडळीत काही काळ काढला, हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केले, तेथील चित्रपटगृहातही नोकरी केली आणि मग ते या कंपनीत आले. रंगाचा ब्रश, सुताराचा रंधा आणि रेल्वेच्या कारखान्यातील हत्यारे यांच्या सहवासातून हे चित्रपटकार घडले.

१९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली व १९३३ साली ती पुण्यास आणली. तेथे चित्रीकरणाचे मंच, रसायनशाळा, ध्वनिलेखन, संकलन, नेपथ्य आणि वेशभूषा ही सर्व खाती एकाच आवारात होती. माणसे मासिक वेतनावर असत. एक चित्र संपताच दुसरे सुरू होई. त्यामुळे नेपथ्याकडील उमेदवाराला रसायनशाळेत काय चालते हे न सांगता कळे. दामले हे चित्रकार, पण बोलपटाचे युग येताच ध्वनिलेखनाची जबाबदारी त्यांनीच घेतली. फत्तेलाल कलादिग्दर्शन पाहत. या दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. १९४० साली त्यांचाच ‘संत ज्ञानेश्वर’ आला. देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे आज पिंपरी–चिंचवड व चाकण यांच्या कारखान्यांनी वेढली आहेत. या भूमीतील संतांची चरित्रे त्याच परिसरातील कार्यशाळेत, ध्वनीचे यंत्र आणि रंगाचा पडदा दोन्ही जाणणाऱ्या माणसांच्या हातून पडद्यावर आली, हा योगायोग लक्षणीय आहे.

तथापि या उमेदवारीचे गुणगान करताना तिचे दोष झाकता येणार नाहीत. पहिला दोष प्रवेशाचा. बाबूराव पेंढारकर हे आतेमावस नात्यातले होते म्हणून शांतारामांना दार उघडले. ज्याचा असा कोणी आप्त आत नव्हता त्याने काय करावे, याला त्या पद्धतीत उत्तर नव्हते. दुसरा दोष श्रमाच्या नोंदीचा. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी फिल्मला छिद्रे पाडली, ती धुतली आणि शिवाय साऱ्या मंडळींच्या जेवणाची व्यवस्था पाहिली. आजच्या भाषेत त्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ व निर्मितीव्यवस्थापक ठरतील. परंतु हे काम घरकाम म्हणून गणले गेले. त्याला वेतन नव्हते आणि पडद्यावर नावही नव्हते. तिसरा दोष असा की, शिकलेल्या विद्येचे प्रमाणपत्र मिळत नसे. कार्यशाळा होती तोवर माणसाची किंमत होती. ती मोडली की त्याची विद्या सिद्ध करणारे काहीच हाती उरत नसे.

आणि कार्यशाळा मोडली. दुसऱ्या महायुद्धानंतर नवे भांडवल चित्रव्यवसायात आले, नटनट्या चित्रागणिक करार करू लागल्या, आणि वर्षभर वेतन देऊन शेकडो माणसे पोसणारी पद्धती परवडेनाशी झाली. शांताराम १९४२ साली बाहेर पडले. दामले १९४५ साली निवर्तले. प्रभातची उमेदवारी तेव्हाही फलद्रूप होत होती. अल्मोड्यास उदय शंकर यांच्या केंद्रात नृत्य शिकलेले गुरुदत्त १९४४ साली येथे आले, आणि नृत्यदिग्दर्शन व साहाय्यक दिग्दर्शन करता करता चित्रपटाचा समग्र व्यवहार शिकून गेले. पण १९५० नंतरच्या काही वर्षांत कंपनी संपुष्टात आली. कारखान्याबरोबर शाळाही गेली.

ही उणीव शासनाच्या ध्यानी आली होती. १९४९ साली स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपटशिक्षणाची संस्था काढण्याची शिफारस केली. तदनुसार १९६० साली प्रभातच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९७४ साली दूरचित्रवाणीचा प्रशिक्षणविभाग तेथे येऊन तिचे आजचे रूप सिद्ध झाले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही १९६४ साली पुण्यातच स्थापन झाले. संस्थेने वरील तिन्ही दोषांवर उपाय केला. प्रवेश नात्यावर राहिला नाही. शिक्षणाला मान्यता मिळाली. आणि स्त्रियांना तंत्रज्ञ म्हणून स्वतःच्या नावाने उभे राहता आले. येथे संकलनाचा अभ्यासक्रम पूर्ण करून १९७० नंतरच्या दशकात व्यवसायात आलेल्या रेणू सलुजा यांनी पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळविले. सरस्वतीबाईंच्या अनामिक श्रमापासून येथवरचे अंतर मोठे आहे.

परंतु संस्था एक गोष्ट देऊ शकत नव्हती. अभ्यासक्रम संपल्यानंतरची तीन-चार वर्षे, जेव्हा शिकलेला माणूस वेतन घेऊन, चुका करीत, जाणत्यांच्या शेजारी काम करतो, ती वर्षे प्रभातमध्ये आपोआप मिळत. चित्रागणिक जमणाऱ्या आणि चित्र संपताच पांगणाऱ्या संघांत ती मिळेनात.

येथे पिंपरी–चिंचवडच्या इतिहासाकडे पुन्हा वळले पाहिजे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालचा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्यानंतर या पट्ट्यात यंत्रोद्योग झपाट्याने वाढला. याच संधिकालात, १९६१ साली, शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत झाला. ठरीव व्यवसायांत ठराविक प्रमाणात उमेदवार घेणे मालकांवर बंधनकारक झाले. करार, विद्यावेतन, परीक्षा आणि प्रमाणपत्र ही त्याची चार अंगे होत. अशा रीतीने १९६० ते १९६२ या अल्पावधीत एकाच जिल्ह्यात दोन परस्परविरुद्ध गोष्टी घडल्या. चित्रव्यवसायाची उमेदवारी मोडून तिचा अभ्यासक्रम झाला; आणि यंत्रव्यवसायाच्या उमेदवारीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. जोडाऱ्याचा मुलगा जोडारी शिकण्यासाठी कारखान्यात शिरू शकत होता. त्याच घरातील संकलक होऊ इच्छिणाऱ्या मुलापुढे असा कोणताही राजमार्ग नव्हता.

यंत्र आणि चित्र यांच्यातील भिंत पूर्वी एवढी उंच नव्हती, याचे आणखी एक उदाहरण महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यासाठी जे. जे. कलाशाळेत गेले. रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि त्यातून नांगराचा कारखाना निर्माण झाला. त्याच कारखान्यात शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे वार्तापत्र काढले. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक आणि पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही नियतकालिके उदयास आली. चित्रकार कारखानदार झाला, आणि कारखान्याने मराठी नियतकालिकांना संपादक, चित्रकार व मुद्रक दिले. कारखान्यात माध्यमनिर्मितीला स्थान नसते, हा समज या उदाहरणाने टिकत नाही.

आजच्या विद्यार्थ्याने आपल्या व्यवसायाचा आराखडा करताना या इतिहासातून तीन सूत्रे घ्यावीत असे वाटते. पहिले, शेजारच्या व्यवसायातील कौशल्य वाया जात नाही. मोटारीच्या सुट्या भागाची त्रिमितीय आकृती संगणकावर रचणारा आरेखक आणि सचेतपटातील वस्तू रचणारा कलावंत यांची भौमितिक विद्या एकच आहे. चाकणच्या कारखान्यात पहिली वर्षे काढलेल्या तरुणाने ती पदरी जमा धरावीत. दुसरे, एका अंगात प्रावीण्य मिळवावे, परंतु इतर अंगांचा परिचय टाळू नये. यंत्रे बदलली तेव्हा पडदे रंगविणारे दामले ध्वनिलेखक होऊ शकले, कारण त्यांना केवळ एक यंत्र नव्हे, निर्मितीचा सगळा क्रम ठाऊक होता. तिसरे, पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे मोबदल्याच्या आकड्यावर न तोलता, आपण कोणाच्या शेजारी बसून काम करणार यावर तोलावीत.

हे तिसरे सूत्र मात्र एकट्या विद्यार्थ्याच्या हाती नाही. विनावेतन राबवून घेणे म्हणजे उमेदवारी नव्हे. ती सरस्वतीबाईंच्या वाट्यास आलेल्या अन्यायाची पुनरावृत्ती होय. १९६१ च्या अधिनियमात २०१४ साली दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही शिकाऊ उमेदवारी खुली झाली आणि मालकांना आपल्या गरजेप्रमाणे ऐच्छिक व्यवसाय ठरविण्याची मुभा मिळाली. पाच दशके बंद असलेले दार त्यामुळे उघडले आहे. या पट्ट्यातील कारखान्यांना प्रशिक्षणाचे चित्रपट, उत्पादनांची माहितीपत्रे, प्रदर्शनांची मांडणी आणि सचेतन आरेखने सतत लागतात. विद्यापीठातील माध्यमविभागांनी आणि उपयोजित कलेच्या महाविद्यालयांनी या कारखान्यांशी करार करून विद्यावेतनासहित एक वर्षाची उमेदवारी अभ्यासक्रमाचाच भाग का करू नये? संस्थेचे मुक्त दार आणि कार्यशाळेचा दीर्घ सहवास यांची सांगड १९६० साली घातली गेली नाही. ती घालण्याची साधने आता कायद्याने आणि भूगोलाने, दोन्हींनी, हाताशी दिली आहेत.