कापसातून आलेला वाघ

मी बुलढाण्याचा, असं सांगितलं की समोरचा लगेच "लोणार!" म्हणतो, नाहीतर शेगाव. फारच झालं तर सिंदखेडराजा. वाघाचं नाव कुणी काढत नाही. काढणार तरी कसं? आमचा जिल्हा कापसाचा.

वऱ्हाडात कापूस जुनाच. पण १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा माल अडला आणि विलायती गिरण्यांची नजर इकडे वळली. खामगावची पेठ एवढी वाढली की जलंबपासून तिच्यासाठी वेगळा रेल्वेफाटा टाकला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते! पूर्णाखोऱ्यातली काळी जमीन कापसाखाली गेली ती गेलीच. जंगल उरलं ते वर, अजिंठ्याच्या रांगेत. बुलढाण्याहून खामगावला जाताना लागतं ते बोथ्याचं रान. १९९७ मध्ये त्याचं ज्ञानगंगा अभयारण्य झालं, २०५ चौरस किलोमीटरचं. बिबटे, अस्वलं, नीलगायी सगळं आहे. वाघ मात्र नव्हता.

आणि २०१९ च्या डिसेंबरात तो आला. चालत!

यवतमाळच्या टिपेश्वरमध्ये २०१६ च्या अखेरीस जन्मलेला हा नर. कागदोपत्री नाव टी१सी१, पुढे लोकांनी केलं 'वॉकर'. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असं करत सुमारे १३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला. एप्रिल २०२० मध्ये कॉलर निघेपर्यंत त्याची एकूण चाल ३००० किलोमीटरच्या आसपास गेली होती. दिवसा दडायचं, रात्री नाले-कालवे धरून निघायचं. दडायला काय, तर उभं पीक. म्हणजे ज्या कापसानं रान खाल्लं, त्याच कापसानं त्याला आडोसा दिला. मला तर या गोष्टीची फार गंमत वाटते.

तो निघाला होता हद्दीच्या आणि जोडीदारणीच्या शोधात. इथे हद्द मिळाली, पण वाघीण एकही नव्हती. मग ती बाहेरून आणून सोडावी का, यावर वनखात्यात आणि जाणकारांत चर्चा झाली. एवढंसं जंगल, भोवती शेतं, पिल्लं झाली तर ती जाणार कुठे, हा प्रश्न खराच होता.

माझं मत आणावी असं. पण मी शहरात बसून मत देणारा. रात्री लाइन आली की बॅटरी घेऊन एकटाच पाणी द्यायला शिवारात जातो तो आमचा मामा. त्याला फोनवर विचारलं. म्हणाला, "आना ना बाप्पा, मी कुठं नाही म्हंतो? पन आंधी लाइन दिवसा द्या म्हना."