बाणाच्या पात्याची धार
अमेरिकेत धनुष्याने शिकार करण्याचा छंद विसाव्या शतकात पुन्हा रुजला. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात प्रकट झालेल्या इशी या ‘याही’ जमातीच्या आदिवासीकडून डॉ. सॅक्स्टन पोप ही विद्या शिकले. इशी काच आणि ऑब्सिडियनची पाती टवके काढून घडवी. पोप पोलादाच्या पात्यांकडे वळले आणि धार लावायला कानस आली. बाण मारतो तो रक्तस्रावाने, त्यामुळे बोथट पाते म्हणजे जखमी होऊन निसटणारे हरीण. धनुर्धर फ्रेड बेअर यांचे ‘रेझरहेड’ हे पाते १९५६ मध्ये आले, तरी धार शिकाऱ्यानेच लावायची. नुसत्या हाताने धारेचा कोन सारखा राहत नाही. म्हणून तिरकी खाच पाडलेला लाकडी ठोकळा, हा घरगुती साचा. तीन धारांच्या पात्याला तोही नको, दोन धारा एकदम कानशीवर सपाट बसतात. पुढे तयार धारेची, बदलता येणारी पाती आल्यावर बहुतेकांनी ही खटपट सोडली. पारंपरिक धनुर्धारींनी नाही.