तिसरा भागीदार

भागीदारी ठरवताना आपली माणसे आधी वाटा बोलतात: रुपयात किती आणे तुमचे, किती आमचे. गिऱ्हाईक कोण आणि ते भागीदारीच्या आत बसणार की बाहेर, हा प्रश्न बहुधा निघतच नाही. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांच्या दोन भागीदाऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या की त्याचे वजन कळते.

वालचंदांचा जन्म १८८२ चा, दिगंबर जैन व्यापारी घराण्यातला. घरचा कापूस-सावकारीचा धंदा सोडून ते लक्ष्मणराव बळवंत फाटकांबरोबर रेल्वेच्या कंत्राटात शिरले. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. कामाची माहिती त्यांची, भांडवल आणि पत वालचंदांची. पेढीच्या नावात फाटक आधी आणि वालचंद नंतर, हे मला फार बोलके वाटते. रेल्वे या दोघांच्या बाहेर होती. काम तपासून पैसे देणे एवढाच तिचा संबंध.

बंगळूरची गोष्ट निराळी. १९३९ मध्ये विमानप्रवासात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होते. तसाच कारखाना हिंदुस्थानात काढायचा वालचंदांनी ध्यास घेतला. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी संस्थानाला भागीदार केले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. अधिकृत भांडवल ४ कोटी, अध्यक्ष वालचंद.

मार्च १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकारने २५ लाख रुपये घालून एक तृतीयांश हिस्सा घेतला. वहीत तिसरा भागीदार इतरांच्या बरोबरीचा दिसतो. पण लढाऊ विमाने विकत घेणारे सरकारच, युद्धकाळात परदेशी यंत्रसामग्रीला परवानगी देणारे सरकारच, आणि म्हैसूरसारख्या संस्थानावर वरचष्माही त्याच सरकारचा. अशा भागीदाराच्या एक तृतीयांशाला एक तृतीयांश समजणे हा हिशेब मला पटत नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, फेब्रुवारीत सिंगापूर पडले. २ एप्रिल १९४२ रोजी सरकारने कारखाना आपल्याकडे घेतल्याचे जाहीर केले आणि वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांचे हिस्से विकत घेतले. म्हैसूरने मात्र विकायला नकार दिला. कारभार सोडला, हिस्सा राखला.

आमच्या डॉक्टरमंडळींत दोघे मिळून दवाखाना काढतात तेव्हा जागेचे भाडे, औषधांचा खर्च, वेळा, सगळे ठरते. एकजण बाहेर पडला तर काय, हे कोणी कागदावर आणीत नाही. म्हैसूरला ती वेळ आली तेव्हा मागणे आणि सोडणे या दोन्हींच्या मधली जागा सापडली. माझ्या मते त्या वाटाघाटीत सर्वांत शहाणपणाने वागले ते संस्थान.

वालचंद पुढे मोटारींकडे वळले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी झालेला तिचा करार मोटारी बनवण्याच्या परवान्याचा आणि तांत्रिक साहाय्याचा होता.