अक्षरांच्या बेरजेत दडलेले साल

अक्षराला अंक ठरवून देऊन शब्दाची बेरीज करण्याची रीत ग्रीक, हिब्रू आणि अरबी लिप्यांत जुनी आहे, कारण तिथे अंक लिहायला अक्षरेच वापरली जात. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या एका भिंतीवर ग्रीकमध्ये प्रेमाची कबुली कोरलेली आहे. प्रेयसीचे नाव मात्र नाही, ५४५ हा तिचा अंक तेवढा आहे. बेरजेवरून नाव परत काढता येत नाही, त्यामुळे गुपित आजही टिकून आहे.

संस्कृतात अक्षरांनी अंक लिहिण्याची गणिती आर्यभटाची पद्धत याहून अवघड. तिच्यात व्यंजन अंक देते आणि स्वर त्याचे स्थान ठरवतो. ‘ख्युघृ’ या शब्दात ख म्हणजे २ आणि य म्हणजे ३०; दोन्हींना उकार लागल्याने त्यांची दहा हजारपट होते. घ म्हणजे ४, त्याची ऋकाराने दहा लाखपट. एकूण ४३,२०,०००, म्हणजे एका युगातली सूर्याची भगणे, अर्थात फेऱ्या. इथे आधी गुणाकार, मग बेरीज.

निव्वळ बेरजेची कला बहरली ती फारसी कालश्लेषांत, म्हणजे अक्षरांच्या बेरजेतून घटनेचे साल सांगणाऱ्या वाक्यांत. अबजद पद्धतीत अरबीच्या २८ अक्षरांना १ ते १००० पर्यंतचे अंक आहेत. जानेवारी १५५६ मध्ये दिल्लीच्या जुन्या किल्ल्यात जिन्यावरून पडून हुमायून गेला, तेव्हा ‘हुमायून बादशहा छतावरून पडला’ अशा अर्थाचे वाक्य रचले गेले. ‘हुमायून’ची फारसी अक्षरे ५, ४०, १, १०, ६, ५० मिळून ११२ होतात, ‘पादशाह’चे ३१३. सगळ्या वाक्याचे ९६२. खरे हिजरी साल ९६३, पण वाक्य इतके चपखल होते की एकाची तूट खपून गेली.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत अक्षरांच्या बेरजेचे हेच काम एका ओळीत होते. डिक्शनरीत अक्षर ही की आणि अंक ही व्हॅल्यू. स्ट्रिंगमधले एकेक अक्षर घेऊन ‘सम’ने बेरीज करायची. अडचण येते ती डिक्शनरीत नसलेल्या अक्षराची. फारसी ‘पे’ अरबीत नाही, म्हणून जुन्या गणकांनी त्याला ‘बे’चाच २ हा अंक दिला. फारसी ‘ये’ला युनिकोडमध्ये अरबी ‘ये’पेक्षा वेगळा क्रमांक आहे, तोही डिक्शनरीत घालावा लागतो. अनोळखी अक्षराला ‘गेट’ने गुपचूप शून्य देणे सोयीचे वाटते, पण अशा कामात ते घातकच. ‘पे’ वगळला तर हुमायूनचे वाक्य ९६० वर येते आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही. इथे की-एरर येऊन काम थांबलेले बरे.