जीपच्या अंगात येतं तेव्हा

आमच्या जीपच्या अंगात आलं ते आषाढातल्या एका शनिवारी, पुणे-सातारा रस्त्यावर, नीरेच्या पुलावर. पुलाच्या सांध्यावरून पुढची चाकं धडधडत गेली आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग एकाएकी घुमू लागलं. देवीची बाई घुमते तसं. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. आणि ते मी फिरवत नव्हतो, तेच मला फिरवत होतं. वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे जीपच्या वयाला शोभेल असा बेताचाच. मागून उसाचा ट्रक भोंगा वाजवत होता, खाली नीरा भरून वाहत होती आणि शेजारी सौ. दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून, जी स्तोत्रं पाठ आहेत असं मला लग्नाला चाळीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं, ती म्हणत होती.

ब्रेकवर उभं राहायचं नाही एवढं सुचलं. ॲक्सिलरेटर सोडून दिला, जीप हळूहळू वीसवर आली आणि अंगातलं वारं उतरलं.

"ही जीप विका," पूल संपल्यावर सौ. म्हणाली, "नाहीतर मला माहेरी एस.टी.ने पाठवत जा."

जीप वडिलांची. तालुक्याच्या गावी डॉक्टरकी करताना त्यांनी १९६४ साली घेतलेली. मागच्या फळीवर ठसठशीत अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहिलेली. (त्यामुळे ओव्हरटेक करायचा निर्णय कायद्याने माझा असला तरी व्यवहारात उजवीकडे बसलेल्या सौ.चा असतो.) वडील ही जीप ओढ्यानाल्यांतून दोन बोटांनी चालवत. माझ्या दोन्ही हातांना ती आवरेना.

याला कारण माझा भाचा, असं माझं ठाम मत होतं. जीपची मूळची चाकं जेमतेम २८ इंच उंच आणि पोलिसाच्या दंडुक्यासारखी सडपातळ. "मामा, ही काय बैलगाडीची चाकं!" असं म्हणून भाच्याने ३१ इंची, साडेदहा इंच रुंद, मगरीच्या पाठीसारखे खवले असलेले टायर बसवून आणले. जीप दिसायला लागली झोकात. पण पन्नासच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं. त्यावर त्याने स्टिअरिंग डँपर आणला. ऑफिसचं दार आपटू नये म्हणून वर तेलाचं नळकांडं लावतात ना, त्याचाच हा भाऊ. तीन आठवडे सगळं शांत होतं. चौथ्या आठवड्यात नीरेचा पूल आला.

पुढचा आठवडाभर पाऊस पडत होता आणि सौ. बोलत नव्हती, त्यामुळे वाचनाला भरपूर सवड मिळाली. वाचता वाचता कळलं की या रोगाला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातही एक भाचा आहे.

त्याचं नाव फायरस्टोन. त्याआधी मोटारींचे टायर अरुंद आणि दगडासारखे टणक असत. हवेचा दाब साठ पौंडांच्या घरात, त्यामुळे खड्डा आधी पाठीच्या मणक्याला कळे. १९२३ साली अमेरिकेत फायरस्टोनने फुगीर, कमी दाबाचे 'बलून' टायर आणले. लोक खूश झाले. गादीवर बसून प्रवास! पण गाडीने थोडा वेग घेतला की पुढची चाकं फडफडू लागली. त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसवायला सुरुवात झाली होती, म्हणजे चाकांच्या टोकाला आणखी वजन आलं. त्या दिवसांत खांदे थरथरवायचा 'शिमी' नावाचा एक नाच अमेरिकेत फार गाजत होता. लोकांनी मोटारीच्या रोगाला तेच नाव दिलं. आपल्याकडे हा रोग आधी आला असता तर त्याचं नाव लावणी पडलं असतं आणि दुरुस्तीला कुणी नेलं नसतं.

१९२५ साली जॉर्ज ब्रूलिए नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने फ्रान्सच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे या नाचावर निबंध मांडला. त्याचं म्हणणं असं, की रबरी चाक ज्या दिशेला तोंड करून असतं तिकडेच तंतोतंत जात नाही. बाजूने रेटा आला की ते न घसरतासुद्धा थोडं तिरकं चालतं. वारीच्या गर्दीत माणूस नाकासमोर चालत असतो आणि तरी वीस पावलांवर कडेच्या गटारापाशी पोचतो, तसं. ऐकायला एवढंसं वाटतं, पण मोटार वळते कशी याचं पुढचं सगळं शास्त्र त्या तिरकेपणावर उभं आहे. टायर जितका मऊ, तितका तो बाजूचा रेटा आधी पोटात घेतो आणि मग उशिराने परत करतो. झोपाळ्याला नेमका वेळेवर धक्का बसावा, तसा.

दुसरं कारण घरी करून बघता येतं. सायकलचं चाक काढून त्याचा आस दोन्ही हातांत धरा, कुणाला तरी ते गरगर फिरवायला सांगा आणि एका बाजूला कलवा. चाक कलायच्या ऐवजी हट्टाने वळतं. (मी करून पाहिलं. एक फुलदाणी गेली.) आता जीपचा पुढचा ॲक्सल म्हणजे कावड. एक घागर वर गेली की दुसरी खाली. एका चाकाखाली पुलाचा सांधा आला की दोन्ही चाकं कलतात. कलली की वळतात, वळली की पुन्हा उलटी कलतात, आणि एकदा लय सापडली की नाच थांबत नाही. चाक जितकं जड आणि मोठं, तितका त्याचा हट्ट मोठा.

यावरचा खरा उतारा म्हणजे कावडच मोडून टाकायची. १९३४ च्या मॉडेलांना जनरल मोटर्सने तेच केलं. पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हात दिला. शहरी मोटारींचा नाच हळूहळू संपला. पण १९४१ पासून लढाईसाठी जीप बनू लागली तेव्हा तिला नाजूक हात परवडणारे नव्हते. कावड दणकट, सोपी, चिखलात मोडत नाही. म्हणून कावडच ठेवली. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांवर जीपगाड्या झाल्या. मुंबईत १९४५ साली महिंद्र अँड महंमद कंपनी निघाली आणि स्वातंत्र्यानंतर तिथे जीप जोडल्या जाऊ लागल्या. महंमद पाकिस्तानात जाऊन तिथले अर्थमंत्री झाले, १९४८ मध्ये पाटीवर दोन्हीकडे महिंद्र आले. भागीदार देश बदलून गेला, पण पुढचा ॲक्सल होता तसाच राहिला.

म्हणजे भाच्याने नुसते टायर बसवले नव्हते. जीपला परत १९२३ सालात नेऊन सोडलं होतं. एवढा पुरावा घेऊन मी मिस्त्रीकडे गेलो. हे मिस्त्री आमच्या गावचे. पोरवयात वडिलांच्या हाताखाली हीच जीप धूत असत. ब्रूलिएचं नाव मी काढताच म्हणाले, "त्यांना नंतर बोलवा. आधी तो डँपर काढू. तो असताना रोग दिसत नाही."

मग ते जीपखाली आडवे झाले. "साहेब, इंजिन बंद ठेवा. स्टिअरिंग दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे." मी हलवत राहिलो. खालून आवाज आला, "तुम्ही हलवता आणि चाक विचार करतं." मधल्या बेल क्रँकची पिन झिजलेली. चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवलं तर किंगपिनमध्येही प्ले. मिस्त्री ग्रीसगन घेऊन आले आणि थांबले.

"निपल कुठायत?"

निपल होते. त्यांच्यावर हिरवा रंग होता. वीस वर्षांपूर्वी मी हौसेने जीपला लष्करी रंग दिला होता, वरून, खालून, आतून, बाहेरून. ग्रीसच्या तोंडांवरसुद्धा.

"डॉक्टरसाहेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रीस मारायचे," मिस्त्री म्हणाले. "स्वतः. धोतर खोचून."

मी काही बोललो नाही. टायरांनी रोग आणला नव्हता. तो वीस वर्षं तिथेच होता. सडपातळ चाकांना तो हलवता येत नव्हता, एवढंच. बिचारा भाचा.

औषध दोन दिवस चाललं. बेल क्रँकची पिन आणि बुश नवे. किंगपिनच्या टोपीखाली पत्र्याच्या पातळ चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात (शिमीवर उतारा शिम, हे भाषेचं शहाणपण म्हणायचं), त्यातली एकेक काढून बेअरिंग आवळलं. किती आवळायचं? त्यासाठी मिस्त्रींनी शेजारच्या रद्दीवाल्याचा ताणकाटा आणला, चाकाच्या नॅकलला अडकवला आणि वजन वाचत ओढला. रद्दीवाला तेवढा वेळ काळजीत उभा होता. भाच्याने चिखलात जायचं म्हणून टायरमधली हवा पंधरावर आणून ठेवली होती, ती वाढवली. एका चाकाला शिशाचे तुकडे मारून तोल साधला.

"डँपर परत लावायचा?" मी विचारलं.

"लावा की. पण तो दाराचा माणूस आहे, घर सांभाळायचा नाही."

श्रावणात आम्ही पुन्हा साताऱ्याला निघालो, मुद्दाम डँपर न लावता. एस.टी.चं तिकीट सौ.ने पर्समध्ये ठेवलंच होतं. नीरेचा पूल आला. वेग ६० वर आणला. सांधा आला, चाकं धडधडली. स्टिअरिंगला एक बारीक हिसका बसला आणि ते गप्प झालं. सौ.ने दांड्यावरचा एक हात काढला, मग दुसरा, आणि थर्मास उघडला. चहाचा थेंबसुद्धा सांडला नाही. सांडला तो नंतर, शिरवळच्या गतिरोधकावर, माझ्या मांडीवर. पण त्यात जीपचा काही दोष नव्हता.