'माझी मैना': अर्ध्यावर तोडलं जाणारं गाणं

परवा वाळवा तालुक्यातल्या एका गावात जयंतीची मिरवणूक होती. बातमीसाठी गेलो होतो. डीजेवर अण्णाभाऊंची 'माझी मैना' लागली आणि पोरं बेभान झाली. मैनेच्या रूपाचं वर्णन झालं, दागिन्यांची यादी सुरू झाली, शिट्ट्या पडल्या. आणि नेमकं तिथंच गाणं तोडून दुसरं लावलं. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, मुंबईला गिरणीत उमेद घालवून गावी परतलेले. ते म्हणाले, "आता कुठं गाणं सुरू हुणार हुतं, तवर बंद केलं बगा."

त्यांचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. थोडी मोठी आहे, पण आपल्या मातीची आहे. शेवटपर्यंत वाचा.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. त्यावेळी वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे हा माणूस सातारचा की सांगलीचा, हा वादच नको. दोघांचाही आहे. मांग समाजात जन्म, शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. तिसाव्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंबासोबत वाटेगाव सोडून पायी मुंबई गाठली. गाडीला पैसे नव्हते, एवढं साधं कारण. पुढं कोळसे वेचले, हमाली केली, गिरणीत काम केलं. मधल्या काळात गावी आले, तेव्हा नात्यातल्या बापू साठेंच्या तमाशात राहिले. ढोलकी, लावणी, छक्कड, बतावणी हे सगळं तिथं अंगात मुरलं. त्यांची खरी शाळा तीच म्हणायची.

मुंबईत ते लाल बावट्याच्या चळवळीत आले. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णाभाऊ, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर. परळ, लालबाग, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात हे तिघं उभे राहिले की मैदान भरायचं. समोर बसलेला माणूस कोण होता? पाटणचा, जावळीचा, शिराळ्याचा, वाळव्याचा. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारा. बायको गावाकडं, हा इकडं. महिन्याला मनिऑर्डर आणि वर्षातून एकदा जत्रेला भेट.

'माझी मैना' या माणसाच्या तोंडची आहे. गाण्यात तो सांगतो की गरिबीनं आमची ताटातूट केली. पहाटे भाकरी बांधून निघतो, बायको वेशीपर्यंत सोडायला येते, तिचं तोंड उतरतं. तिला हसवायला हा गडी दागिन्यांचा पाऊस पाडतो. हे आणीन, ते आणीन, नथ आणीन, तोडे आणीन. खिशात दमडी नाही आणि आश्वासनं सावकाराच्या तिजोरीएवढी! मग मुंबईत येऊन पडतो. तिथं माड्या, मोटारी आणि पैसेवाले दिसतात, याच्या हाताला मात्र काही लागत नाही. मैना तिकडं झुरते, हा इकडं.

इथवर ही विरहाची लावणी आहे. आपल्याकडं अशा लावण्या शेकड्यानं आहेत. डीजेवाला इथवरच वाजवतो.

पण अण्णाभाऊ थांबत नाहीत. तो काळ काय होता ते बघा. १९५५ च्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मराठी माणसाचं एक राज्य काही मिळालं नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या चालल्या. या सगळ्या लढ्यात शंभरावर माणसं गेली. त्यात गिरणगावातले कामगार होते, म्हणजे आपल्याच घरातली माणसं होती. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक राज्य आलं. त्याच दिवशी बेळगाव, निपाणी, कारवार म्हैसूर राज्यात गेले. गोव्यात तर पोर्तुगीजच बसले होते.

अण्णाभाऊंनी हे सगळं त्याच छक्कडीत ओढून घेतलं. गावाकडं राहिलेल्या मैनेची जी गत, तीच सीमेपलीकडं राहिलेल्या मराठी मुलखाची, असं ते सांगतात. गाण्यात फाउंटन येतं, परळ-लालबाग येतं, कामगार-शेतकरी-मध्यमवर्गाची फौज उठते. आणि शेवटी ते ऐकणाऱ्याला बजावतात की अजून काम उरलंय, मागं हटू नका.

यातली कारागिरी बघा. दागिन्यांच्या यादीतले तुकडे 'ची' वर संपतात. पुढं लढ्याचं वर्णन येतं, तिथंही तुकडे 'ची' वरच संपतात. यमक तेच, ढोलकीचा ठेका तोच. त्यामुळं ऐकणारा माणूस बायकोच्या आठवणीतून थेट फाउंटनवर कधी पोचला, हे त्याचं त्यालाच कळत नाही. भाषणात पुढाऱ्याला 'आता महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो' असं म्हणावं लागतं. अण्णाभाऊंना वळायची गरजच पडली नाही. कारण त्यांच्या लेखी हे दोन विषय नव्हतेच. गावात पोट भरत नाही म्हणून नवरा-बायको वेगळे राहतात, ते राजकारणच. आणि ज्या मुंबईत आपण घाम गाळतो ती आपली नाही असं वर सांगितलं जातं, तेही राजकारणच.

असं जगात दुसरीकडंही घडलंय. अमेरिकेत डेट्रॉइट म्हणून मोटारींच्या कारखान्यांचं शहर आहे. दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखातून हजारो काळी कुटुंबं पोटासाठी तिथं गेली, आपली माणसं गिरण्यांत गेली तशीच. त्याच शहरात १९५९ साली बेरी गॉर्डी यांनी मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढली. ते स्वतः मोटार कारखान्यात काम केलेले. १९६४ साली मार्था रीव्हज आणि त्यांच्या व्हॅन्डेलाज या गटाचं 'डान्सिंग इन द स्ट्रीट' तिथूनच आलं. मार्थांचं कुटुंबही दक्षिणेतल्या अलाबामातून आलेलं. गाणं रस्त्यावर येऊन नाचण्याचं. पण तो काळ काळ्यांच्या हक्कांच्या लढ्याचा होता. रस्त्यावर या, एवढं ऐकल्यावर लोकांनी त्यात मोर्चा ऐकला. मार्था मात्र सांगत राहिल्या की ते मौजेचं गाणं आहे. म्हणजे तिथं लोकांनी नाचाच्या गाण्यात लढा शोधला. आपल्याकडं अण्णाभाऊंनी लढा स्वतःच्या हातानं गाण्यात घातला आणि आपण तो काढून नुसता नाच ठेवला. उलटा प्रवास!

हे गाणं अमर शेखांच्या पहाडी आवाजात सभांमधून गाजलं. ज्यांना आयोगाचा अहवाल वाचता येत नव्हता, त्यांना या गाण्यानं सीमाप्रश्न समजावला. त्या वातावरणात आपले जिल्हे किती तापले होते हे नव्या पिढीला ठाऊक नसतं. १९५७ च्या निवडणुकीत साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले. यशवंतराव चव्हाणांसारखा मोठा नेता कराडमध्ये थोडक्या मतांनी वाचला. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा वाई-पसरणीच्या घाटात काळी निशाणं घेऊन माणसं उभी होती. निवडणुका आणि मोर्चे एकट्या गाण्यानं होत नसतात, मान्य. पण एवढी माणसं एका विचारानं उठतात, तेव्हा त्यांच्या ओठावर काहीतरी असावं लागतं.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बेळगाव, निपाणी, कारवार बाहेरच राहिले. महाराष्ट्र सरकारनं २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, तो अजून चालूच आहे. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, जेमतेम एकोणपन्नासाव्या वर्षी, हलाखीत. महिना-दीड महिन्यात, २९ ऑगस्टला, अमर शेखही गेले. पुढं २००२ साली अण्णाभाऊंचं टपाल तिकीट निघालं. २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. गौरव झाला, आनंद आहे. पण गौरव झाला की माणसाचं म्हणणं ऐकायचं बंद करायचं, ही आपली जुनी खोड.

कारण मैना अजून गावावरच आहे की. पाटण-जावळीची माणसं आजही वाशी मार्केटात माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहतात. खानापूर-आटपाडीची पोरं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशाच्या कानाकोपऱ्यात भट्टीपुढं बसलीत. दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं आजही म्हाताऱ्यांच्या आणि बायकांच्या भरवशावर चालतात. मोबाईल आल्यानं रोज तोंड दिसतं, एवढाच फरक. माझ्याच घरातलं सांगतो. थोरल्या चुलत्यांनी परळच्या गिरणीत तेवीस वर्षं काढली. चुलतीला मी एकदा विचारलं, "काकी, त्यातली किती वर्षं तुम्ही एकत्र राहिला?" तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, "सुट्ट्या सगळ्या धरून दोन असतील." १९८२ च्या संपानंतर चुलते कायमचे गावी आले, ते खोकला घेऊन. दागिने तिनं कधी मागितले नाहीत.

म्हणून त्या मिरवणुकीत गाणं तुटलं तेव्हा मला वाईट वाटलं. नाचाला माझा विरोध नाही. अण्णाभाऊ तमाशातले होते, नाचणाऱ्यांवर ते रागावले नसते. पण ज्या माणसानं एवढ्या कसबानं दोन दुःखं एका ठेक्यात बांधली, त्याची गाठ सोडून अर्धं दुःख टाकून द्यायचा हक्क आपल्याला नाही.

येत्या १ ऑगस्टला आपल्या गावात मंडळाच्या पोरांना एवढंच सांगा. 'माझी मैना' लावा, खुशाल नाचा, पण पूर्ण लावा. शेवटी पाय आपोआप थांबले तर थांबू द्यात. आणि तुमच्या घरात मुंबईला राबलेलं कुणी जुनं माणूस असेल, तर हे गाणं त्यांनी कुठं, कुणाच्या तोंडून ऐकलं ते विचारून खाली कमेंटमध्ये लिहा. ही माणसं आता थोडीच उरलीत.