म्हशीचा मुका माज : कृत्रिम रेतन आणि संप्रेरकोपचार यांचा ऐतिहासिक आढावा

भारतातील दुधाचा निम्म्याच्या आसपासचा वाटा म्हैस उचलते. असे असूनही तिच्या प्रजननाविषयीचे शास्त्रीय ज्ञान दीर्घकाळ तोकडेच राहिले. कृत्रिम रेतनाचे जवळजवळ प्रत्येक साधन प्रथम गाईसाठी सिद्ध झाले आणि मागाहून म्हशीला लावण्यात आले. या उसनवारीत कोठे यश आले, कोठे ती अडखळली आणि त्या अडखळण्यातून कोणते नवे ज्ञान हाती लागले, हे पाहिल्यावाचून संप्रेरकोपचारांचे खरे मोल ठरविता येत नाही.

१. आरंभ

कृत्रिम रेतनाचा पहिला विश्वसनीय प्रयोग इटलीतील स्पालान्झानी याने १७८० साली कुत्रीवर केला. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात इव्हानोव्ह याने या विद्येला पशुसंवर्धनात व्यवहार्य रूप दिले. भारतात तिचा प्रवेश १९३९ साली झाला. म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत डॉ. संपतकुमारन् यांनी हल्लीकर गाईंवर होल्स्टीन वळूचे रेत वापरले. १९४२ मध्ये इज्जतनगर येथील पशुवैद्यक संशोधनसंस्थेत डॉ. भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली पद्धतशीर कार्य सुरू झाले. पाठोपाठ बंगलोर, कलकत्ता, पाटणा आणि माँटगोमेरी येथे प्रादेशिक केंद्रे निघाली. कृत्रिम रेतनापासून जन्मलेले म्हशीचे पहिले पारडू १९४३ साली अलाहाबादच्या कृषिसंस्थेत जन्मले. म्हणजे गाईनंतर अवघ्या चार वर्षांत म्हशीची पाळी आली. आरंभ असा उत्साहवर्धक होता. मात्र पुढील वाटचाल तितकी सुकर ठरली नाही.

२. रेताची अडचण आणि माजाची अडचण

पहिली अडचण रेताची होती. १९४९ साली लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरीनच्या साहाय्याने शुक्रजंतू गोठवून जिवंत ठेवण्याची युक्ती शोधली आणि १९५२ पर्यंत ती गोवंशात फलदायी ठरली. रेड्याचे शुक्रजंतू मात्र गोठण्याचा आणि वितळण्याचा आघात वळूच्या शुक्रजंतूंइतका सहन करीत नाहीत, असे आढळून आले. विरलक द्रवाचे घटक आणि थंड करण्याचा वेग यांत फेरफार करीत ही अडचण पुष्कळशी दूर करण्यात आली.

दुसरी अडचण अधिक मूलभूत होती, व ती प्रयोगशाळेत नव्हे, तर गोठ्यात होती. कृत्रिम रेतनात रेड्याची जागा मनुष्य घेतो; म्हणून माज ओळखण्याचे रेड्याचे कामही मनुष्यावर येते. माजावर आलेली गाय हंबरते, इतर गाईंवर चढते, सोट टाकते. म्हशीत ही लक्षणे मंद असतात. एका म्हशीने दुसरीवर चढणे विरळाच. सोट कमी असतो आणि पुष्कळदा लोंबत न राहता म्हैस बसल्यावर जमिनीवर पडतो. माज बहुधा रात्री किंवा पहाटे येतो. या अवस्थेस पशुपालक ‘मुका माज’ म्हणतात.

१९४८ साली अमेरिकेत ट्रिंबर्गर याने गाईसाठी एक सोपा नियम मांडला होता : सकाळी माज दिसल्यास सायंकाळी रेतन करावे, सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी. हाच नियम म्हशीलाही लावण्यात आला. परंतु जो माज दिसतच नाही, त्याला नियम कसा लावणार? एक माज हुकला की २१ दिवस वाया जातात. दोन-तीन माज हुकले की वेतांमधील अंतर लांबते, आणि एकाच म्हशीवर निर्वाह असलेल्या घरात भाकड काळातही वैरणीचा खर्च चालूच राहतो.

मुंबईच्या तबेल्यांत या प्रश्नाचे स्वरूप अधिक कठोर होते. गुजरात आणि पंजाबकडून ताज्या व्यालेल्या म्हशी आणावयाच्या, वेत संपेपर्यंत दूध काढावयाचे आणि आटलेली म्हैस पुन्हा गाभण करण्याऐवजी कसायास विकावयाची, अशी तेथील रीत होती. उत्तम दुधाळ जनावरांचा हा क्षय शासनासही जाणवत होता. १९४९ साली उभारलेल्या आरे दुग्धवसाहतीने शहरातील जनावरांना मोकळी जागा दिली. पण म्हैस वेळेवर गाभण राहिल्याशिवाय मूळ प्रश्न सुटणारा नव्हता.

३. संप्रेरकांचा शोध

गर्भधारणेचे नियंत्रण करणाऱ्या द्रव्यांचे ज्ञान १९३० च्या सुमारास वेगाने वाढले. १९२९ मध्ये कॉर्नर आणि ॲलन यांनी बीजांडकोशातील पीतपिंडाच्या अर्काने गर्भ टिकतो हे दाखविले. १९३४ मध्ये त्यातील प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपात मिळाले. १९३० साली कोल आणि हार्ट यांना गाभण घोडीच्या रक्तद्रवात बीजांडकोशास चालना देणारे द्रव्य सापडले. पुढे १९७१ मध्ये शॅली आणि गीयमँ यांच्या प्रयोगशाळांतून मेंदूतील मोचक संप्रेरकाची रचना उघड झाली. १९७२ च्या सुमारास प्रोस्टाग्लँडिनमुळे गाईतील पीतपिंड विरतो आणि तीन-चार दिवसांत ती माजावर येते, हेही सिद्ध झाले.

याच काळात दुधातील प्रोजेस्टेरॉन मोजण्याची पद्धत हाती आली. तिने एक जुना गैरसमज दूर केला. ‘माजावरच येत नाही’ म्हणून वांझ ठरविलेल्या कित्येक म्हशींचे ऋतुचक्र आतून नियमित चालू होते; दोष म्हशीत नव्हता, निरीक्षणात होता. काही म्हशींचे चक्र मात्र खरोखरच थांबलेले असे. हे दोन वर्ग वेगळे करता येणे, ही उपचारांच्या इतिहासातील निर्णायक पायरी होय. कारण प्रोस्टाग्लँडिनला विरविण्यासाठी परिपक्व पीतपिंड लागतो. चक्र चालू असलेल्या म्हशीत ते गुणकारी ठरते. चक्र थांबलेल्या म्हशीत ते निष्फळ जाते.

४. ठरावीक वेळेचे रेतन

१९९५ साली अमेरिकेत पर्स्ली, मी आणि विल्टबँक यांनी गाईसाठी एक क्रम बसविला. पहिल्या दिवशी मोचक संप्रेरक, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा मोचक संप्रेरक आणि १६ ते २० तासांनी रेतन. यात माज पाहण्याची गरजच उरली नाही. मुक्या माजाच्या म्हशीला ही पद्धत गाईपेक्षाही अधिक आवश्यक होती. ब्राझील, इटली आणि भारत येथे ती लवकरच म्हशीवर अजमावली गेली.

या उपचाराचा लाभ कशात आहे, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. १०० म्हशींपैकी ४० म्हशींचाच माज ओळखता आला आणि त्यांतील ४० टक्के फळल्या, तर गाभण म्हशी १६ होतात. ठरावीक वेळी सर्व १०० म्हशींचे रेतन केले आणि फळण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांवर उतरले, तरी गाभण म्हशी ३५ होतात. प्रत्येक रेतनाचे यश वाढले नाही, उलट किंचित घटले. वाढली ती रेतनाची संधी. संप्रेरकाने म्हशीची जननक्षमता वाढते, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावयास हवी. संप्रेरक वेळ साधून देते. क्षमता म्हशीच्या ठायी असावी लागते.

५. ऋतूची मर्यादा

या मर्यादेचा प्रत्यय ऋतूंनी आणून दिला. म्हैस दिवस लहान होत जाण्याच्या काळात अधिक फळते. आपल्याकडे सप्टेंबर ते जानेवारी हा तिचा अनुकूल काळ. उन्हाळ्यात अनेक म्हशींचे चक्र मंदावते किंवा थांबते. ब्राझीलमध्ये बारुसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, अनुकूल ऋतूत निम्म्याच्या आसपास म्हशींना गाभण करणारा हाच क्रम प्रतिकूल ऋतूत जवळजवळ निष्प्रभ ठरतो. त्यावर उपाय म्हणून योनिमार्गात काही दिवस प्रोजेस्टेरॉनयुक्त साधन ठेवून नंतर घोडीच्या रक्तद्रवातील संप्रेरक देण्याची रीत निघाली व तिने प्रतिकूल ऋतूतील फलधारणा पुष्कळ सुधारली. बीजांडकोशाला जाग आणण्याचे काम प्रथम, वेळ साधण्याचे नंतर, हा क्रम येथे निश्चित झाला.

इटलीतील अनुभव आणखी एक पाऊल पुढचा आहे. तेथे मोझरेला चीजची मागणी वसंत व ग्रीष्म ऋतूंत अधिक असल्यामुळे म्हशींना निसर्गाच्या विरुद्ध ऋतूत गाभण करावे लागते. कांपानिले आणि इतरांच्या अभ्यासातून असे दिसले की, अशा म्हशी फळतात, परंतु २५ व्या ते ४५ व्या दिवसांच्या दरम्यान त्यांतील पुष्कळांचा गर्भ नष्ट होतो; पीतपिंडातून पुरेसे प्रोजेस्टेरॉन न मिळणे हे त्याचे एक प्रमुख कारण. रेतनानंतर पाचव्या दिवशी संप्रेरक देऊन गर्भ सावरण्याचे प्रयत्न झाले. त्यांचे फळ सर्वत्र सारखे आले नाही.

६. समारोप

महाराष्ट्रात १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या ‘बाएफ’ संस्थेने कृत्रिम रेतन पशुपालकाच्या दारापर्यंत नेले. पंढरपुरी, नागपुरी आणि मराठवाडी या येथील जाती रोड चाऱ्यावरही तग धरणाऱ्या आहेत. मात्र तग धरणे आणि वेळेवर फळणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. व्याल्यानंतर खंगलेल्या, खनिजांची उणीव असलेल्या म्हशीला दिलेले इंजेक्शन बहुधा वाया जाते आणि त्याचा भुर्दंड गरीब पशुपालकास सोसावा लागतो. उपचारापूर्वी जनावराची प्रकृती, बीजांडकोशाची अवस्था आणि ऋतू या तीन गोष्टी पाहणे म्हणूनच अनिवार्य ठरते.

या इतिहासाचे सार असे की, गाईसाठी सिद्ध झालेले प्रत्येक साधन म्हशीपाशी येऊन थबकले, आणि तिच्या स्वभावानुसार त्यात बदल केल्यावरच फळास आले. म्हशीचा माज मुका असला, तरी दुधातील प्रोजेस्टेरॉनची मोजणी आणि बीजांडकोशाची तपासणी यांच्या आधारे तो आता जाणता येतो. जे वैद्यक तो प्रथम जाणून घेते आणि मगच औषध देते, त्याच्याच हाती गाभण म्हशींची संख्या वाढते.